गाडी गरम का होते आणि कूलंट जातं कुठे?

टाकीतलं पेट्रोल जळतं, इंजिन ऑइल थोडंफार कमी होतं, ब्रेक पॅड झिजतात. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तसं नाही. ते एका बंद वाटेने फिरत राहतं आणि बदलायची मुदत येईपर्यंत जवळपास तेवढंच्या तेवढं असायला हवं. त्यामुळे दर काही दिवसांनी बाटलीभर पाणी ओतावं लागत असेल, तर ‘या गाडीला सवयच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. ते कुठून तरी बाहेर पडतंय, नाहीतर इंजिनाच्या आत शिरतंय.

गाडी गरम होण्याची कारणं डझनभर असली तरी चालकाला दिसतो तो तापमानाचा एकच काटा. म्हणूनच अंदाजाचा खेळ सुरू होतो. आधी थर्मोस्टॅट बदलला जातो, मग रेडिएटर, मग वॉटर पंप, आणि शेवटी फॅनचा रिले, म्हणजे फॅनला वीज पोचवणारा स्विच, गेलेला सापडतो. हे टाळायचं तर एकही नट सैल करण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: गाडी नेमकी कधी गरम होते, आणि कूलंट नेमकं कुठे जातं? निम्मं निदान तिथेच होतं, आणि ही उत्तरं मेकॅनिकपेक्षा गाडी रोज चालवणाऱ्यालाच जास्त नीट देता येतात.

## मुळात एवढी उष्णता येते कुठून?

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवतो. तेवढाच भाग सायलेन्सरवाटे निघून जातो. उरलेला इंजिनाच्या धातूत मुरतो, आणि तो बाहेर काढायचं काम कूलंटचं. सिलिंडरमधला जळता वायू क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातो, तर अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. आजच्या बहुतेक गाड्यांचं सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. ते टिकतं कारण त्याच्या भिंतींमधल्या पोकळ्यांतून कूलंट अखंड वाहत असतं.

वाट अशी: वॉटर पंप कूलंटला इंजिनातून ढकलतो, गरम झालेलं कूलंट वरच्या होज पाइपमधून रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने निवतं आणि खालच्या पाइपमधून परत इंजिनात जातं. गाडी धावत असताना वारा आपोआप मिळतो, उभी असताना फॅन तो ओढतो. या वाटेवरचं दार म्हणजे थर्मोस्टॅट. त्यात मेणाची एक छोटी डबी असते. इंजिन थंड असताना दार बंद राहतं आणि कूलंट इंजिनातच फिरतं. साधारण ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान, म्हणजे गाडीनुसार ठरलेल्या तापमानाला, मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं.

## दुर्लक्षित झाकण

रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण हा नुसता बूच नाही. ते कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं: आत दाब धरून ठेवतं आणि ठरावीक दाबाच्या वर गेलं की सोडून देतं. बाहेरच्या हवेपेक्षा हा दाब बऱ्याच गाड्यांत एक बारच्या आसपास जास्त असतो. तेवढ्या दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं, आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट १२५ च्याही पुढे तग धरतं. ग्लायकॉल हा कूलंटमधला मुख्य द्रव. तो मिसळला की पाणी उशिरा उकळतं आणि थंडीत गोठतही नाही.

आता झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर दाब टिकत नाही. मग तेच कूलंट १०७ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, फुगून बाहेर फेकलं जातं आणि पातळी घटते. रेडिएटर, पंप, पाइप सगळं धडधाकट, आणि तरी गाडी गरम. झाकणात दुसरा एक उलटा व्हॉल्वही असतो. इंजिन थंड होताना कूलंट आकसतं, तेव्हा बाजूच्या टाकीतलं कूलंट त्यातून परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. तो अडकला की सकाळी वरचा पाइप आत ओढला जाऊन चपटा झालेला दिसतो. टाकी भरलेली, पण रेडिएटर रिकामा, असा घोळही यातूनच होतो. म्हणून ज्या गाडीत रेडिएटरला वेगळं झाकण आहे, तिथे फक्त टाकी पाहून समाधान मानू नका. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून रेडिएटरमध्येही डोकवा.

गरम असताना मात्र त्या झाकणाला हात लावायचा नाही. आत ११० अंशांचा द्रव दाबाखाली शांत असतो. झाकण सैल होताच दाब जातो आणि तो सगळा एकदम उकळून तोंडावर, हातांवर उसळतो. असं भाजणं फार खोल असतं. फडकं गुंडाळून, हळूहळू फिरवून उघडणं हाही सुरक्षित मार्ग नाही. वरचा पाइप हाताला थंड आणि मऊ लागेपर्यंत थांबणं एवढाच मार्ग आहे.

## काटा मधोमध आहे, मग चिंता कशाला?

अनेक गाड्यांत काटा खरं तापमान दाखवतच नाही. चालकाने उगीच घाबरू नये म्हणून साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत तो मुद्दाम मध्यभागीच धरून ठेवलेला असतो. तो हलायला लागतो तेव्हा बरंच काही घडून गेलेलं असतं. काही गाड्यांत तर काटाही नसतो, फक्त लाल दिवा असतो. खरा आकडा हवा असेल तर डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचं छोटं यंत्र मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशांत दाखवतं. गरम होण्याची शंका असलेल्या गाडीत माझ्या मते याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, कारण ‘थोडी गरम वाटते’ याऐवजी ‘सिग्नलला १०८, हायवेला ९२’ असं सांगता येतं.

आणखी एक धोका माहीत असायला हवा. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच नीट मोजतो. कूलंट खूपच कमी झालं तर सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. वर चढलेला काटा अचानक धाडकन खाली आला, तर गाडी निवली असं समजू नका. ताबडतोब बाजूला घ्या.

## पहिला प्रश्न: गरम कधी होते?

उभी असताना किंवा रहदारीत गरम, वेगात गेली की ठीक. संशय वाऱ्यावर, म्हणजे फॅनवर. गाडी चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत लगेच किंवा थोड्या वेळात फॅन फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, रिले, कनेक्टर, मोटर या क्रमाने तपासायचं. बऱ्याच गाड्यांत फॅनला दोन वेग असतात. त्यातला एकच वेग बंद पडला तर फॅन फिरताना दिसतो, पण पुरेसा वारा ओढत नाही, त्यामुळे ‘फॅन तर चालू आहे’ एवढ्यावर थांबू नका. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच तुटलं असेल तर वारा जाळीतून न येता बाजूने येतो, तेही पाहा. हे सगळं करताना हात लांब ठेवा. विजेवरचा फॅन चावी बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो.

रहदारीत ठीक, पण हायवेवर किंवा चढावर गरम. इथे वारा भरपूर आहे, कमी पडतंय ते कूलंटचं वाहणं किंवा रेडिएटरची ताकद. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने किंवा गाळाने बुजल्या असतील. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माती, पानं, किडे यांचा थर बसला असेल. समोरून पाहिलं तर काहीच दिसत नाही, जाळी स्वच्छ वाटते, आणि थर मागे दडलेला असतो. वॉटर पंपाची पाती झिजलेली किंवा दांड्यावरून सुटलेली असतील, तर पंप बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि आत जेमतेम ढकलतो. खालचा पाइप जुना होऊन मऊ पडला असेल, तर इंजिनाचे फेरे वाढल्यावर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो. गाडी उभी केली की पाइप पुन्हा गोल. म्हणून हे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दिसत नाही, कुणाला तरी रेस द्यायला सांगून पाहावं लागतं.

सुरू केल्यापासून काही मिनिटांतच गरम. थर्मोस्टॅट बंद अडकलेला असण्याची शक्यता मोठी. वरचा पाइप चटका देणारा आणि रेडिएटरचा खालचा भाग व खालचा पाइप बराच वेळ थंडच राहिला, तर संशय बळकट होतो. पण हेच लक्षण कूलंटच्या वाटेत हवा अडकल्यावरही दिसतं, आणि हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं पातळ सील) गेल्यावरही. त्यामुळे थर्मोस्टॅट बदलण्याआधी कूलंटची पातळी पाहायचीच.

कधीही, कसंही, नियम सापडत नाही. तापमान वर-खाली झुलत राहतं, हीटरमधून कधी गरम तर कधी गार हवा येते, डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येते. कूलंट कमी झालंय किंवा आत हवा अडकलीय. इथून दुसरा प्रश्न सुरू होतो.

## दुसरा प्रश्न: कूलंट जातं कुठे?

आधी गळतंय ते कूलंटच आहे ना, याची खात्री करा. एसी चालवल्यावर गाडीखाली पडणारं स्वच्छ पाणी हे हवेतल्या बाष्पाचं असतं. थंड सकाळी सायलेन्सरमधून टपकणारं पाणी आणि थोडा वेळ दिसणारी विरळ वाफही नेहमीचीच. कूलंट रंगीत आणि बोटाला किंचित निसरडं लागतं, वासाला गोडसर असतं. चव घेऊन पाहू नका. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि सांडलेलं कूलंट चाटून कुत्री-मांजरी दगावतात. म्हणून ते लगेच धुऊन काढा.

बाहेरची गळती शोधायला थंड इंजिन, चांगला टॉर्च आणि थोडा धीर पुरतो. थेंब मिळेलच असं नाही, कारण गरम धातूवर पडलेलं कूलंट वाळून जातं. शोधायचा तो त्याचा माग: पाइपच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या सांध्यावर, थर्मोस्टॅटच्या घरापाशी साचलेली पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापडी. वॉटर पंपाच्या पोटाला एक छोटं भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचं आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली वाळलेला ओघळ आणि टोकाशी रंगीत खडे जमलेले दिसले, तर पंपाचे दिवस भरलेत.

गाडीच्या आतही पाहा. काचेवर आतून चिकट धुकं धरतं, गोडसर वास येतो, पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं लागतं. ही हीटरच्या छोट्या रेडिएटरची गळती. ती बॉनेट उघडून कधीच सापडणार नाही.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड गाडीच्या झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि १०-१५ मिनिटं थांबतात. पंपावरचा दाबाचा काटा उतरला तर गळती आहे. गरम गाडीत उडून जाणारा थेंब आता थंड इंजिनावर टिकून राहतो, म्हणून सापडतो. मी तर म्हणेन, ही चाचणी न करता कूलंट सिस्टिमचा कोणताही मोठा भाग बदलायला होकार देऊ नका.

## दाबाचा काटा उतरला, बाहेर थेंबही नाही

मग कूलंट इंजिनाच्या आत जातंय. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आणि हेड यांच्या मध्ये हेड गॅस्केट असते. तिच्या एकाच पातळ पत्र्याला जळता वायू, कूलंट आणि ऑइल यांच्या वाटा वेगळ्या राखायच्या असतात. ती कुठे फुटली यावर लक्षणं ठरतात, म्हणून प्रत्येक गाडीत सगळी दिसत नाहीत.

वायूची वाट कूलंटच्या वाटेला मिळाली, तर जळता वायू कूलंटमध्ये शिरतो. थंड गाडी सुरू करून एक-दोन मिनिटांत, म्हणजे कूलंट तापायच्या आधीच, वरचा पाइप दगडासारखा कडक झाला तर तो दाब उष्णतेचा असू शकत नाही. याची पक्की खूण ब्लॉक टेस्टने पटते. रेडिएटरच्या तोंडावर एक पारदर्शक नळी बसवतात, तिच्यात निळा द्रव असतो, आणि वरचा रबरी फुगा दाबून कूलंटवरची हवा त्या द्रवातून बुडबुड्यांनी ओढतात. निरोगी इंजिनात द्रव निळाच राहतो. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड आला तर हळूहळू हिरवट होत पिवळा पडतो.

उलट दिशेने, म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये झिरपलं, तर सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो आणि गाडी गरम झाल्यावरही थांबत नाही. सकाळी सुरू करताना गाडी काही सेकंद थरथरते, एक सिलिंडर मारत नाही, मग सुरळीत होते. रात्रभर झिरपलेलं कूलंट जळून जाईपर्यंतचा तो वेळ. स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घातला, तर बाकीच्या पिस्टनांवर काजळी दिसते आणि एकाच पिस्टनचा माथा धुतल्यासारखा लख्ख. वाफेनेच तो धुतलेला असतो.

ऑइलमध्ये कूलंट मिसळलं की डिपस्टिकवर (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवर) दुधाळ, तपकिरी फेस येतो. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा फेस असेल, तर तो थंडीत छोट्या फेऱ्या मारल्याने जमलेला दमटपणाही असू शकतो. पण डिपस्टिकवर दिसला तर गाडी चालवू नका, कारण असं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही.

प्रत्येक अंतर्गत गळती हेड गॅस्केटचीच असते असंही नाही. डिझेल गाड्यांत धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात पाठवणारा ईजीआर कूलर असतो. तो आतून फुटला तरी कूलंट गायब होतं आणि पांढरा धूर दिसतो. कूलंटने थंड होणारा ऑइल कूलर फुटला तरी कूलंटच्या टाकीत ऑइलचा तवंग येतो. हेड उतरवायचा निर्णय मोठा आहे. आधी या दोन्ही भागांवरचा संशय फेडून घ्या.

## काही नेहमीचे आक्षेप

‘थर्मोस्टॅट काढून टाकला की प्रश्नच मिटतो.’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. दार कायमचं उघडं राहिलं की इंजिन पुरेसं तापत नाही, इंधन जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना परतीची आडवाट बंदही करतो. तो काढला तर गरम कूलंट रेडिएटरला टाळून त्या आडवाटेने फिरतं आणि गाडी आणखीच गरम होते.

‘साधं पाणी चालतंच की.’ रस्त्यात अडकलात आणि इंजिन पूर्ण निवलंय, तर पाणी टाकून गॅरेज गाठा, काही हरकत नाही. पण नेहमीसाठी नाही. नळाच्या पाण्यातले क्षार नळ्यांत थर धरतात. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी आणि पंपाचं सील जपणारी रसायनं असतात, ती पाण्यात नसतात. दाट कूलंट डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाण्यात सहसा निम्मंनिम्मं मिसळतात. तयार मिश्रण असेल तर त्यात पुन्हा पाणी घालायचं नाही.

‘हिरवं होतं, हिरवंच टाकलं.’ रंग हा प्रमाण नाही. वेगवेगळ्या कंपन्या एकाच प्रकाराला वेगळे रंग देतात. न जुळणारी कूलंट एकत्र आली तर रसायनांचा परिणाम कमी होतो, काही मिश्रणांत तर चिकट गाळ तयार होतो. गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार पाहूनच घ्या.

‘गळती बंद करणारी पावडर टाकू का?’ ती भोक आणि नळी यांत भेद करत नाही. हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्या सगळ्यात आधी बुजतात. निर्जन रस्त्यावरून सुटका करून घेण्यापुरतीच ती वापरावी, एरवी नाही.

‘काटा लाल झाला, पण थोडंच अंतर उरलंय.’ ते थोडं अंतरच हेड वाकवतं. हेडच्या सपाटपणात एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा बाक आला, तरी नवी गॅस्केट बहुतेक इंजिनांत टिकत नाही, हेडला फेस मारावाच लागतो, म्हणजे यंत्रावर घासून ते पुन्हा सपाट करावं लागतं. तेव्हा एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर मोठा करा, म्हणजे थोडी उष्णता तिकडून निघेल, आणि सुरक्षित जागा दिसताच थांबा. वाफ दिसत असेल किंवा काटा उतरत नसेल तर इंजिन लगेच बंद करा. किमान अर्धा तास, गरज असेल तर त्याहून जास्त थांबा. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

## दुरुस्ती झाल्यावर

कूलंट भरताना आत हवा अडकली तर नवे भाग घातलेली गाडीही गरम होते. गाडीचं नाक उंचावर ठेवून, हीटर चालू करून, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून हळूहळू कूलंट भरतात. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून बुडबुडे थांबू देतात आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहतात. मग घरी टाकीवर कूलंटच्या रेषेशी चिकटपट्टी लावा आणि काही दिवस रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, पातळी पाहा. अडकलेली हवा निघाल्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत रेष थोडी उतरू शकते. त्यानंतरही उतरत राहिली, तर गाडी पुन्हा प्रेशर टेस्टला लावा.